तबकडीची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, सनदा, शिलालेख आणि देवस्थानांच्या जुन्या वह्या उभ्या राहतात. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे १७८८ साली गेला, हे आपण कागदाच्या आधारे सांगतो. परंतु त्या महालात पिढ्यान् पिढ्या जे गाणे झाले, त्याचा कागद कोठे आहे? सूर हवेत विरतो. त्याला ना साक्षीदाराची सही, ना मुद्रा. या प्रश्नाला विसाव्या शतकाने एक उत्तर दिले, ते म्हणजे ध्वनिमुद्रिका, आपल्या नित्याच्या भाषेत तबकडी. आणि तबकडीच्या पाठोपाठ आणखी एक साधन जन्माला आले, ज्याची गणना इतिहासाच्या साधनांत अद्याप कोणी गंभीरपणे केलेली नाही. ते साधन म्हणजे तबकडीभोवती बसून रसिकांनी केलेली चर्चा. पार्से असो, मांद्रे असो वा डिचोली, गावोगावच्या अशा रसिकांच्या बोलण्याला पुराव्याचे मोल आहे काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारात घेत आहोत.

प्रथम तबकडीचे स्वरूप पाहू. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून हिंदुस्थानी कंठसंगीताचा हा नवा अध्याय सुरू झाला. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. ज्या रागाला मैफलीत तास लागे, त्याला तीन मिनिटांत बसवणे म्हणजे नदीला तांब्यात भरणे. गाणे संपताच त्या काळच्या कलावती आपले नाव स्वतः उच्चारीत. कारण तबकड्या छापण्यासाठी परदेशी जात आणि तेथील कामगारांना आवाज कोणाचा हे कळण्याचा तो मार्ग होता. सोयीसाठी केलेली ही युक्ती आज अनायासे साक्षीदाराची शपथ ठरली आहे.

मैफल एकदाच होते. तिच्याविषयी दोघांचे एकमत न झाल्यास निवाडा करण्यास काही उरत नाही. तबकडी मात्र शंभर वेळा लागते. अमुक तान समेच्या आधी किती मात्रांवर सुटली, श्वास कोठे घेतला, निषाद कोमल लागला की त्याचा नुसता स्पर्श झाला, या गोष्टींवर वाद करता येतो आणि वाद मिटवण्यासाठी सुई पुन्हा मागे नेता येते. वकिली भाषेत सांगायचे तर साक्षीदाराची उलटतपासणी शक्य झाली. त्यामुळे एक नव्या जातीचा रसिक निर्माण झाला. हा रसिक स्वतः गात नाही, गुरूचा गंडाही त्याने बांधलेला नसतो. तरी एकाच तबकडीसोबत वर्षे काढल्यामुळे तिच्या अंतरंगाचे त्याला जे ज्ञान होते, ते व्यवसायी गवयालाही कधी कधी चकित करते.

आमच्या प्रदेशापुरते बोलायचे तर या रसिकांचे आराध्यदैवत सूरश्री केसरबाई केरकर. १३ जुलै १८९२ रोजी फोंडे महालातील केरी येथे त्यांचा जन्म झाला. बालपणी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्यांनी काही महिने तालीम घेतली. पुढे गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावास येत, तेव्हा त्यांच्याकडे त्या शिकल्या. लामगाव हे डिचोली महालातले गाव. म्हणजे या थोर गायकीचा एक पाया आपल्या दाराशी घातला गेला आहे, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे. १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेबांकडे त्यांनी दीर्घकाळ जी तालीम घेतली, तिने त्यांच्या गाण्याला अंतिम रूप दिले. खाँसाहेबांचा आवाज तबकडीवर आपल्यासाठी उरलेला नाही. त्यांच्या गायकीविषयी आपण जे जाणतो ते शिष्यांच्या कंठातून आणि ऐकणाऱ्यांच्या सांगण्यातून. अशा वेळी केसरबाईंची तबकडी केवळ त्यांचीच राहत नाही. ती एका मूक झालेल्या गुरूच्या वतीने दिलेली साक्ष बनते.

येथे रसिकांचा एक वाद नोंदवण्याजोगा आहे. खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिश्रमाने बसला आणि परतला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. त्या आवाजाला साजेशी, लयीशी गुंतलेली, वळणावळणाच्या तानांची गायकी त्यांनी घडवली असे सांगतात. मग जयपूर-अत्रौली घराण्याचे हे वैशिष्ट्य विचारातून आले की आघातातून? एक पक्ष म्हणतो, आघात झाला नसता तर ही वाट दिसलीच नसती. दुसरा म्हणतो, आवाज अनेकांचे बसले, घराणे एकानेच उभारले. आम्हांला दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो. परंतु पहिल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

नेमका हाच वाद सातासमुद्रांपलीकडे, अगदी वेगळ्या संगीताविषयी चालतो, हे आमच्या वाचकांना कदाचित नवल वाटेल. इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीचा पहिला संग्रह १९७० साली निघाला आणि 'हेवी मेटल' नावाचे रांगडे, कर्णभेदी संगीत तेथून सुरू झाले असे मानले जाते. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. त्याने त्यांवर टोप्या चढवल्या आणि पुढे तारा सैल करून खालच्या पट्टीत लावल्या. तो जड, गंभीर नाद तेथून आला, की मूळ कल्पनेतच होता, यावर त्याचे भक्त आजही भांडतात. गाणे वेगळे, देव वेगळे. पण ऐकणाऱ्याचे कुतूहल एकच.

ही तुलना केवळ विनोदाची नव्हे. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. आपल्याकडे तिने विलंबित ख्यालाला जागा दिली. तिकडे तिने काही तरुणांना सुट्या गाण्यांचा नाद सोडून एक सलग रचना बांधण्याची हिंमत दिली. 'येस' या मंडळीने १९७२ साली 'क्लोज टू द एज' ही रचना तबकडीची अख्खी बाजू भरून वाजवली. 'पिंक फ्लॉइड'च्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या संग्रहात गाणी एकमेकांत वाहत जातात. या प्रकाराला ते 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. पेडणे महालातील हरमलच्या किनाऱ्यावर परदेशी तरुणांचे तांडे येऊ लागले, तेव्हा त्यांच्या झोळ्यांतून हे संगीत आपल्या शेजारी येऊन उतरले. देवळाच्या सभामंडपात भजनाची बारी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांनी त्याकडे गोंगाट म्हणून पाठ फिरवली, यात नवल नाही. परंतु त्या श्रोत्यांची एक सवय आपण अवश्य उचलावी. कोणती तबकडी कोणत्या साली, कोठे मुद्रित झाली, ढोल कोणी वाजवले, मुद्रणाचे यंत्र कोणी सांभाळले, पहिल्या छपाईत आणि नंतरच्या छपाईत फरक काय, हे सारे ते पाठ सांगतात आणि लिहूनही ठेवतात.

आपल्याकडील जुन्या तबकडीवर मात्र तबलजीचे नाव बहुधा नसते, सारंगियाचेही नसते. ते साथीदार कोण होते हे सांगणारे जाणते पिढीगणिक कमी होतात. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली आणि तबकड्या एकत्र ऐकणे, त्यांचे क्रमांक व साल लावणे हे काम तिने चिकाटीने केले. पण गोमंतकातील गावोगावच्या माळ्यांवर ज्या तबकड्या फुटत आहेत, त्यांची वही कोण घालणार?

आता आम्ही जरा अवघड विषयाकडे वळतो. केरकर, कुर्डीकर, मालपेकर ही नावे पाहा. केरी, कुर्डी, मालपे ही गावे. मालपे आपल्याच पेडणे महालातले. तेथे १८८३ साली जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ज्या समाजातून या कलावती आल्या, त्याची सेवा देवळांशी बांधलेली होती. त्यांच्या गाण्यावाचून उत्सव साजरा होत नसे. मात्र उत्सव संपल्यावर त्यांना प्रतिष्ठेच्या घरात बसण्यास पाट मिळत नसे. देवळांच्या मानकऱ्यांची कुळे आपण क्रमाने सांगतो. सभामंडपात गाणाऱ्या बाईंची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? आमच्या समाजाने ही नावे वहीत लिहिली नसतील, पण तबकडीने ती छापली, तीही आपल्या गावाच्या नावासकट. ज्या गावाने मान दिला नाही, त्या गावाचे नाव या स्त्रियांनी दूरदेशी नेले.

किती दूर? १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लावली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरील निवडक संगीतात केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. अवधी साडेतीन मिनिटे. त्याच तबकडीवर बाख आणि बेथोव्हेन आहेत, आणि रॉक संगीताचा आद्य गिटारवादक चक बेरी याचे 'जॉनी बी. गूड'ही आहे. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. यावरही रसिकांची तक्रार आहेच. अनवट आणि जोडरागांची ही सम्राज्ञी. विश्वाला तिची ओळख भैरवीने का करून द्यावी? तक्रार योग्य आहे. तरी आमचे मत असे की मैफल भैरवीने संपते, आणि निरोपाच्या प्रवासाला निघालेल्या यानावर निरोपाचाच राग असणे अनुचित नाही.

मोगूबाई कुर्डीकर यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्या दीर्घ तबकड्यांवरचा वाद तर अद्याप ताजा आहे. आलापीला आणि भावाला त्यांनी जी जागा दिली, तिने घराण्याची लयबद्ध शिस्त सैल झाली, असा एका पक्षाचा आरोप. दुसरा पक्ष म्हणतो, परंपरा पुढे जाते ती याच मार्गाने. आईची तबकडी आणि मुलीची तबकडी पाठोपाठ लावून हा वाद केल्यास ऐकणाऱ्याला घराणे म्हणजे काय ते दहा ग्रंथांपेक्षा अधिक कळते. आमच्या मते आरोप सिद्ध होत नाही. कारण बंदिशीचा सांगाडा आणि रागाची शुद्धता मुलीने कोठेही मोडलेली नाही, बदलला तो वेळेचा हिशेब, आणि तो हिशेब दीर्घ तबकडीनेच शक्य केला होता.

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द. पूर्वी कायद्याच्या लेखी तबकडीवरील हक्क ती काढणाऱ्या कंपनीचा. गाणाऱ्या कंठाला स्वतंत्र हक्क नव्हता. देव आनंद यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७८ साली कलावंताच्या अभिनयाला लेखाधिकार नाही असाच निर्णय दिला. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला प्रयोगाचा हक्क मिळाला. केसरबाई, अंजनीबाई तोवर निघून गेल्या होत्या. परंतु त्याच १९५७ च्या कायद्यातील मुदतीचा नियम आज आपल्या उपयोगी पडतो. ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षांनी तिच्यावरील कंपनीचा हक्क संपतो. म्हणजे १९६० पूर्वी निघालेल्या तबकड्यांच्या मुद्रणावर आता कोणाची मालकी उरलेली नाही. काव्य वा चाल यांचा कर्ता अलीकडचा असल्यास त्याचा हक्क वेगळा मोजावा लागतो, एवढी सावधगिरी पुरे. कायदा आडवा नाही. आडवा आहे तो आपला आळस.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक देवस्थानच्या समितीने आपल्या गावातील घराघरांतल्या तबकड्यांची यादी करावी: गाणाऱ्याचे नाव, राग, कंपनी, क्रमांक. वर्षातून एक सायंकाळ सभामंडपात त्या लावाव्यात आणि जाणत्या श्रोत्यांना बोलते करावे. मतभेद झाले तर तेही लिहून घ्यावेत, कारण विरोधी साक्षीशिवाय कोणताही निवाडा भक्कम होत नाही. मराठीत 'ऐकणे' आणि कोंकणीत 'आयकप' या दोन्ही क्रियापदांत कानाने घेणे आणि मान्य करणे असे दोन्ही अर्थ आहेत. ज्यांचे गाणे आपल्या पूर्वजांनी पहिल्या अर्थाने ऐकले, त्यांचे ऋण दुसऱ्या अर्थाने ऐकण्याचे काम आपल्याकडे उरले आहे. लाखेची तबकडी एकदा फुटली की सांधता येत नाही. ते काम याच पिढीत व्हावयास हवे.