खोटंच आहे, पण आमचं ऐका

२७ जानेवारी २०१४, सोमवार. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती आणि मी सकाळीच आवाज बारीक करून टीव्हीसमोर बसलो होतो. अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र होती, पिट्सबर्गला डब्ल्यूडब्ल्यूईची 'रॉयल रंबल' चालू होती. ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी: तीस पैलवान ठरावीक अंतरानं एकेक करून रिंगमध्ये येतात, वरच्या दोरावरून बाहेर पडला की बाद, आणि शेवटी उरतो तो 'रेसलमेनिया'मध्ये विजेतेपदासाठी लढतो.

सगळं स्टेडियम डॅनियल ब्रायनची वाट बघत होतं. तिसाव्या नंबरला आला रे मिस्टिरिओ. ट्रम्प कार्ड्स खेळत वाढलेल्या आमच्या पिढीचा हा मुखवटेवाला लाडका माणूस. त्या रात्री त्याची हुर्यो उडाली. त्याची चूक एवढीच, की तो डॅनियल ब्रायन नव्हता. शेवटी चार वर्षांनी परतलेला बॅटिस्टा जिंकला, तेव्हा तर हजारो लोक पैसे परत मागावेत तसे ओरडत होते.

बाबा आंघोळ करून बाहेर आले, मिनिटभर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे सगळं ठरवून असतं ना? मग एवढे ओरडतायत कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मी तेव्हा काहीतरी पुटपुटलो आणि टीव्ही बंद केला. पण निकाल ठरलेला आहे हे माहीत असलेल्या माणसाला निकालाचा राग का येतो, हे मला नंतर पुष्कळ वर्षं सतावत राहिलं. उत्तर शोधायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

१९०८ साली शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट यांची जागतिक विजेतेपदाची कुस्ती झाली. ती दोन तास चालली. त्यातला बराच वेळ दोघं उभ्यानं एकमेकांना रेटत होते. १९११ साली त्यांची दुसरी कुस्ती बेसबॉलच्या मैदानावर झाली. हॅकेनश्मिटचा गुडघा आधीच दुखावलेला होता, तो झटपट हरला आणि प्रचंड गर्दीला आपण फसवलो गेलो असं वाटलं. म्हणजे कुस्ती लांबली तर कंटाळा आणि लवकर संपली तर फसवणूक. तिकीट काढून आलेल्या माणसाला नुसतं खरेपण पुरत नव्हतं.

१९२० च्या दशकात एड 'स्ट्रँग्लर' लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी त्यावर उपाय काढला. वेळेची मर्यादा, वेगवान डाव, उडवाउडवी, आणि या आठवड्याची कुस्ती पुढच्या आठवड्याच्या कुस्तीला जोडणारी गोष्ट. पैलवानांचा ताफा नाटक कंपनीसारखा गावोगाव फिरू लागला. निकाल आधी ठरायचा, पण प्रेक्षकांना ते कळू द्यायचं नाही हा धंद्याचा नियम होता. जत्रांमधल्या खेळवाल्यांच्या परंपरेतून आलेला त्याला एक शब्द आहे: केफेब. नायक आणि खलनायक रिंगबाहेरही एका गाडीत दिसता कामा नयेत, इतका तो कडक होता.

आपल्याकडे ही फ्रीस्टाइल कुस्ती दारासिंग आणि किंगकाँगच्या रूपानं आली. १९६८ साली मुंबईत दारासिंगनं माजी जगज्जेत्या लू थेझला हरवलं. ज्यांच्या घरात आजोबांनी या कुस्त्या पाहिल्यात, त्यांनी 'खरं होतं की नूरा कुस्ती?' हा वाद ऐकला असेल. लाल मातीतली कुस्ती आणि निकाली डाव बघितलेल्या माणसाला ठरवून केलेली लढत ओळखू येत नसेल, असं मला वाटत नाही. तरी ते जात होते.

ते का जात होते, याचं एक उत्तर रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात दिलंय. लढत ठरवलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला पर्वा नसते, असं तो म्हणतो. त्याला यातना, पराभव आणि न्याय या गोष्टी लख्ख दिसायला हव्या असतात. दुष्टाला त्याच्या कर्माचं फळ मिळताना बघायचं असतं. पण बार्थच्या मांडणीतला प्रेक्षक समोर येईल ते बघतो. पुढच्या प्रेक्षकानं एक पायरी ओलांडली.

ती पायरी कंपनीनंच बांधून दिली. १९८९ साली व्हिन्स मॅकमहनच्या कंपनीनं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगून टाकलं, की आमचा खेळ ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. हेतू व्यवहारी होता: क्रीडा आयोगाचे नियम आणि कर टाळायचे होते. धंद्याचं सर्वांत मोठं गुपित असं सरकारदरबारी उघड झालं. प्रेक्षक पळाला का? उलट त्यानंतरच्या दहा वर्षांत या खेळाला पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी झाली.

फक्त प्रेक्षकाची भूक बदलली. आता त्याला पडद्यामागचं हवं होतं. १९९६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये कथेत वैरी असलेल्या मित्रांनी, त्यातले दोघं कंपनी सोडून चालले म्हणून, रिंगमध्ये सर्वांदेखत मिठ्या मारल्या. ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये कंपनी सोडून निघालेल्या ब्रेट हार्टला न सांगता निकाल बदलला गेला. त्यानं हार मानलेलीच नव्हती आणि घंटा वाजली. ठरलेल्या खेळात खरीखुरी दगाबाजी झाली आणि लोक हरखून गेले. मॅकमहननं हेही विकलं. तो स्वतःच दुष्ट मालक बनून पडद्यावर आला.

इथे या गोष्टीची काळी बाजू सुरू होते. 'यात खरं काय?' असं प्रेक्षक विचारू लागला, की त्याला दाखवण्यासारखी एकच खरी गोष्ट पैलवानाकडे उरते: शरीर. जून १९९८ मध्ये मिक फोली पिंजऱ्याच्या छतावरून, साधारण सोळा फुटांवरून, खाली टेबलावर पडला. मी ती क्लिप लहानपणी किती वेळा बघितली असेल, मोजता येणार नाही. मे १९९९ मध्ये ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट छतावरून दोरीनं उतरण्याच्या करामतीत खाली कोसळला आणि गेला. कार्यक्रम त्या रात्री थांबला नाही. २००७ मध्ये क्रिस बेन्वानं पत्नीला आणि मुलाला मारून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत जबर इजा आढळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. डोक्यात लोखंडी खुर्ची घालणं कंपनीनं त्यानंतर काही वर्षांनी बंद केलं. त्या खुर्च्यांवर आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणून 'आजच्या प्रेक्षकाला खरेपणा हवाय' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. पुन्हा २०१४ कडे येतो.

डॅनियल ब्रायन हा मध्यम उंचीचा, दाढीवाला, दहा वर्षं छोट्या छोट्या हॉलमध्ये कुस्त्या करून वर आलेला माणूस. विजेता म्हणजे धिप्पाड, या कंपनीच्या जुन्या साच्यात तो बसत नव्हता. लोकांनी मात्र त्याला निवडलं होतं. दोन्ही हातांची तर्जनी वर करून 'येस! येस! येस!' ही घोषणा बास्केटबॉलच्या मैदानांपर्यंत पोचली होती. रंबलमधल्या त्या ओरड्याचा अर्थ असा होता: गोष्ट तुम्ही लिहिता हे आम्हाला माहीत आहे, पण ती कोणासाठी लिहिताय?

कंपनीला ते ऐकावं लागलं. लोकांचा राग तिनं कथेतच घेतला आणि ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायननं एकाच रात्री आधी ट्रिपल एचला आणि मग ऑर्टन व बॅटिस्टाला हरवून विजेतेपद मिळवलं. ज्या बॅटिस्टाला पुढे करायचं ठरलं होतं, त्यानंच शेवटी हार मानली.

दहा वर्षांनी हेच पुन्हा घडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोडी रोड्सची रेसलमेनियातली जागा 'द रॉक'ला मिळणार असं दिसताच जगभरचे प्रेक्षक फोनवरून तुटून पडले. आठवड्याभरात कथा वळली. रॉकसारखा हॉलिवूडचा बडा नट खलनायक झाला आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात कोडीनं रोमन रेन्सची १३१६ दिवसांची सत्ता संपवली. कोडीचे वडील डस्टी रोड्स यांना या कंपनीचं विजेतेपद कधीच मिळालं नव्हतं. ठरलेल्या निकालावर ढसाढसा रडणारी माणसं कॅमेऱ्यात दिसत होती.

आजच्या प्रेक्षकाला काय हवं, याचं माझं उत्तर यात आहे. त्याला आपण गृहीत धरले जात नाही याचा पुरावा हवा असतो. आपल्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी बंद खोलीत ठरतात: नोकरीतली बढती, फोनवर पुढे काय दिसणार ते, पुष्कळदा निवडणुकीचं तिकीटही. तिथे कितीही ओरडलं तरी ऐकू जात नाही. रेसलिंग ही अशी एक जागा आहे, जिथे सगळं ठरलेलं असूनही ओरडलं तर कधीकधी बदलतं. २०२० मध्ये कोरोनामुळे रिकाम्या हॉलमध्ये रेसलमेनिया झाली आणि नंतर पडद्यांवर प्रेक्षकांचे चेहरे लावून रेकॉर्ड केलेला गोंगाट वाजवला गेला, तेव्हा डाव तेच असूनही ते बेचव का वाटलं, हेही यातून कळतं. त्या गोंगाटाला नाही म्हणता येत नव्हतं.

पण या जिंकण्याचा हिशेब पूर्ण करायला हवा. रेसलमेनियानंतर सव्वा महिन्यातच डॅनियल ब्रायनच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली. आम्ही भांडून मिळवलेलं विजेतेपद त्याला जूनमध्ये सोडावं लागलं आणि डोक्याला झालेल्या इजांमुळे २०१६ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. दोन वर्षांनी डॉक्टरांच्या परवानगीनं तो परतला हे खरं, पण मधल्या काळात मला ती जानेवारीची सकाळ आठवली की बरं वाटत नसे. आमचं ऐकलं गेलं होतं. मान त्याची गेली होती.

कोडी जिंकला ती आपल्याकडची सोमवार सकाळ, पाडव्याच्या आदल्या दिवसाची. मी घरी आलो होतो. बाबा चहा घेऊन शेजारी बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "हा जिंकायला पाहिजे रे."

"ठरलेलं असतं, बाबा."

"ते माहितीये," ते म्हणाले. "त्याला लागलं नाही ना फार?"