घरगुती संगणकाचा बॅकअप

घरगुती संगणकाचा बॅकअप : घरच्या संगणकातील फायली, छायाचित्रे व कार्यप्रणाली यांची वेगळ्या साधनावर राखलेली प्रत. त्यासाठी घरोघरी दोन गोष्टींवर भिस्त असते : बाहेरून जोडायची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि संगणकाच्या डिस्कवरच राखून ठेवलेले रिकव्हरी पार्टिशन. यांतले दुसरे मुळात बॅकअप नव्हेच, पण तसा समज पक्का आहे.

संगणकाबरोबर विंडोजची सीडी देणे कंपन्यांनी हळूहळू बंद केले आणि कारखान्यातली मूळ प्रत डिस्कच्या एका भागात दडवून ठेवायला सुरुवात केली. एचपीच्या यंत्रांवर एफ-११, एसरच्या यंत्रांवर ऑल्ट व एफ-१० दाबून तो भाग चालू होई. यंत्र पुन्हा नव्यासारखे होई, पण मालकाने मध्यंतरी साठवलेले सारे जाई. शिवाय डिस्कच बिघडली, तर तिच्यावरचे हे पार्टिशनही गेलेच. ॲपलने २०११ साली मॅकच्या कार्यप्रणालीच्या ‘लायन’ आवृत्तीपासून असेच पार्टिशन दिले. त्याच वेळी नव्या मॅकना कार्यप्रणाली इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोयही मिळाली. आजच्या विंडोजमधले पार्टिशन लहान असते; त्यात मुख्यतः यंत्र सुरू होईना तर लागणारी दुरुस्तीची साधने असतात. हे लहानपण जानेवारी २०२४ मध्ये नडले. विंडोज १०चा एक सुरक्षा-अपडेट तिथल्या अपुऱ्या जागेमुळे अनेक संगणकांवर बसेना. मायक्रोसॉफ्टने उपाय सांगितला तो असा : कमांड टाइप करून पार्टिशन २५० एमबीने वाढवा. घरगुती ग्राहकाकडून ही अपेक्षा जरा जास्तच होती.

खरा भार एक्स्टर्नल डिस्कवर. ॲपलची ‘टाइम मशीन’ ही बॅकअपची सोय २००७ साली आली. ती शेवटच्या २४ तासांच्या दर तासाच्या, महिनाभराच्या रोजच्या आणि त्यामागच्या काळातल्या दर आठवड्याच्या प्रती राखते; डिस्क भरली की सर्वांत जुनी प्रत पुसते. विंडोज ८ने २०१२ साली ‘फाइल हिस्टरी’ ही तशीच सोय आणली. डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना ही अडचण हमखास येते.

डिस्क कायम जोडून ठेवण्यात मात्र धोका आहे. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या. म्हणून प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवतात, आणि एखादी प्रत घराबाहेर. घर आणि कचेरी यांची अदलाबदल झाल्याचेही एक उदाहरण आहे. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली पिक्सार स्टुडिओत चुकून पुसल्या गेल्या आणि स्टुडिओचा बॅकअपही नीट निघाला नाही. तेव्हा चित्रपटाच्या तांत्रिक दिग्दर्शक गॅलिन ससमन यांच्या घरच्या संगणकावरची प्रत कामी आली.

मराठी लेखक-मुद्रकांची एक अडचण वेगळीच. युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेली फाइल त्या फाँटाशिवाय उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाँट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात बसतात. ‘फाइल हिस्टरी’ सहसा डेस्कटॉप, लायब्ररी अशी ठरावीक ठिकाणेच पाहते; फाँटांचा फोल्डर त्यांत येत नाही. ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्याय निवडून विंडोज रीसेट केले तरी नंतर बसवलेले प्रोग्रॅम जातात. त्यामुळे जुन्या हस्तलिखितांबरोबर फाँटांच्या फायली आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरही त्याच डिस्कवर ठेवावा लागतो.