विकतचे घर



‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ‘घर पाहावे विकत घेऊन’ असे मात्र आपले वाडवडील कधी म्हणाले नाहीत. घर बांधताना माणसाची कशी दमछाक होते हे त्यांना ठाऊक होते. पण घर ही बाजारात जाऊन घ्यायची वस्तू आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. आज गोंदियाच्या आसपास कुडवा, फुलचूर, कटंगी या गावांकडे गेलात तर धानाच्या बांध्यांतून आखलेले प्लॉट आणि विकायला काढलेली घरे दिसतील. शाळामास्तर, रेल्वेतला नोकरदार, राईस मिलमधला मुनीम, असा बेताच्या मिळकतीचा माणूस तिथे घर घेतो. हा विकतच्या घराचा रिवाज आपल्याकडे आला कुठून आणि त्यासाठी कोणाकोणाला काय काय करावे लागले, हे आज सांगायचे आहे.

आधी खेड्यातली रीत पाहू. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. हा सारा मुलूख जुन्या मध्यप्रांतातला, म्हणजे मालगुजारीचा. गावाच्या आबादीवर मालगुजाराचा ताबा असे. पण शेती कसणाऱ्या कुळाला घरापुरती जागा विनामूल्य मिळण्याचा हक्क प्रांताच्या महसूल कायद्याने मानलेला होता. जागा फुकट, माती शेतातली किंवा बोडीतली. फाटे आणि बांबू निस्ताराच्या हक्काने जंगलातून आणायचे, आणि हा हक्क गावाच्या वाजिब-उल-अर्जात लिहून ठेवलेला असे. भिंती उन्हाळ्यात घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून उभ्या करायच्या, कवेलू कुंभाराकडून घ्यायचे. पुढे सपरी, मागे सांदवाडी. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी कवेलू फेरले की घर पुन्हा नवे. यात रोख पैसा फार थोडा लागे. अर्थात या रीतीचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. आबादीत कोणी कोठे राहायचे हे जातीवरून ठरे, आणि मालगुजाराची मर्जी फिरली तर गरिबाचा हक्क कागदावरच राही. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि आबादीची जमीन सरकारकडे गेली. राहती घरे मात्र ज्यांची त्यांच्याकडेच राहिली.

मग रेल्वे आली. १८८० नंतरच्या दोनतीन वर्षांत नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा लहान मापाचा लोहमार्ग पडला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी छोटी गाडी गोंदियाहून सुटू लागली. गोंदिया जंक्शन झाले. धान, लाख, तेंदूपान यांचा व्यापार येथे जमला. राईस मिली आणि विड्यांचे कारखाने निघाले. बाहेरून आलेल्या माणसाला ना आबादीत हक्क, ना निस्तार. त्याने भाड्याची खोली घेतली. रेल्वेच्या नोकरदाराला क्वार्टर मिळाले. पण त्याची गंमत अशी, की तीस वर्षे ज्या अंगणात तुळस लावली, त्याची किल्ली निवृत्तीनंतर परत द्यायची! गावाकडचे घर भावाने वापरायला घेतलेले, आणि पोरे शहरातल्या शाळेत. अशा माणसाला स्वतःच्या मालकीचे, परवडणारे आणि गावकुसाबाहेर का होईना, पण शहराजवळचे घर हवे झाले. उपनगराची गरज ही अशी उत्पन्न होते.

हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर मुंबईत आधी उभी राहिली होती. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. माणसे पटापट मेली, लाखोंनी शहर सोडले, आणि दाटीची, अंधारी वस्ती म्हणजे रोगाचे घर, ही गोष्ट सरकारला पटली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्यांतून रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या भागात आखीव प्लॉट पाडून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी यांतूनच वसली. आज दादर म्हणजे मुंबईचे पोट. पण त्या काळी ते शहराबाहेरचे मोकळे ठिकाण होते. प्लॉट पडले खरे. मात्र तिथे घर बांधण्याइतकी रक्कम एकट्या कारकुनाजवळ कोठून असणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत एक नाव आपल्या शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना अवश्य सांगावे : रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी. जन्म १८५९ चा. १९०६ साली त्यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने मुंबईत एक सहकारी पतपेढी काढली. तीच पुढे मोठी बँक झाली. १९०४ चा सहकारी कायदा फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. इंग्लंडात १९०१ साली लंडनजवळच्या ईलिंग येथे भाडेकरूंनी एकत्र येऊन घरे बांधण्याची संस्था काढली होती. तल्मकींनी तो कित्ता घेतला, आणि २८ मार्च १९१५ रोजी गावदेवीची सारस्वत सहकारी गृहसंस्था नोंदली गेली. याआधी १९०९ साली म्हैसूर संस्थानात, बंगलोरला, घरबांधणीची एक सहकारी संस्था निघाली होती, तेव्हा हिंदुस्थानात पहिला मान तिचा. पण आपल्या प्रांतात मार्ग दाखवला तो गावदेवीने.

या संस्थेची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या साऱ्या ‘सोसायट्या’ तिथूनच आल्या. सभासदाने काही भाग घ्यायचे. त्या भागभांडवलावर संस्थेने कर्ज काढायचे, जमीन मिळवायची आणि इमारत बांधायची. इमारत संस्थेची, राहणारा सभासद हा संस्थेचाच भाडेकरू. तो दरमहा जे भाडे भरतो त्यातून कर्जाचा हप्ता, कर आणि डागडुजी भागते. म्हणजे भाडेकरूही तोच आणि घरमालकही तोच! भाडे वाढवणारा तिसरा माणूस मधे नाही. मात्र जागा वाटेल त्या भावाने फुंकून नफा मिळवण्याचीही सोय नाही. दुसऱ्या प्रकारात जमीन संस्थेच्या हाती राहते आणि सभासद तिच्यावर आपापले घर बांधतात. खेड्यातल्या माणसाला हे परके वाटू नये. आपल्याकडे तळ्याचे पाणी सर्वांचे आणि बांधी ज्याची त्याची, तसाच हा प्रकार.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. एकमेकांवर विश्वास असल्याशिवाय सहकार उभा राहत नाही, आणि त्या काळी विश्वास म्हणजे बहुधा आपली जात. पुष्कळ गृहसंस्था एकाच ज्ञातीच्या किंवा धर्माच्या निघाल्या. गावातल्या मोहल्ल्यांची वाटणी अशी सोसायटीच्या पोटनियमांत शिरली. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा पोटनियम कायद्याला धरून असल्याचे मानले; म्हणजे प्रश्न जुना झाला असे म्हणता येत नाही. मला हा निकाल पटत नाही. ज्या संस्थेला कायद्याचा आधार आणि सरकारचे सहाय्य मिळते, तिने दार ठराविक माणसांनाच उघडावे हे सहकाराच्या तत्त्वाशी जुळत नाही.

याच संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आठवते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ते वीसएक वर्षे राहिले. विलायतेहून पदव्या घेऊन आल्यावरही बिऱ्हाड त्याच चाळीत होते. पुढे १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते राहण्यासाठी तितकेच ग्रंथांसाठी. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले गेले, त्यांच्यातला एक माणूस आखीव वसाहतीत स्वतःच्या कागदपत्रांवर घर उभे करतो, या घटनेचे मोल विटा-चुन्याच्या हिशेबाने काढता येणार नाही.

ज्यांना प्लॉटही नको आणि भागही परवडत नाहीत, अशा मजुरांसाठी सरकारने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. ती भाड्याची घरे, म्हणून त्यांची हकिकत वेगळी.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. नागपूरसाठी १९३६ साली कायदा होऊन सुधार प्रन्यास स्थापन झाला आणि शहराभोवती आखीव वस्त्या वाढू लागल्या. गोंदियासारख्या लहान शहराला असा प्रन्यास नव्हता. येथे खरा उपयोग झाला असता तो कर्जाचा. १९५४ साली केंद्र सरकारने अल्प उत्पन्न गटासाठी घरबांधणीची योजना काढली. वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत मिळकत असणाऱ्याला घराच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, पण ८,००० रुपयांच्या आत, कर्ज मिळे. दहा हजारांचे घर धरले तर दोन हजार आपल्या गाठीचे हवेत. खेड्यातल्या शिक्षकाला हे दोन हजार कोठून आणावेत हाच प्रश्न पडे. बहुतेकांच्या घरी त्याचे उत्तर बायकोचे दागिने किंवा वाटणीची एखादी बांधी हेच असे. त्यातून प्रांताची अदलाबदल झाली. १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. विदर्भासाठी वेगळे गृहनिर्माण मंडळ होते. ते आणि राज्यातली इतर मंडळे मिळून ५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडा झाली. त्याच साली केवळ घरासाठी कर्ज देणारी खाजगी कंपनीही मुंबईत निघाली, आणि नोकरदाराच्या पगारातून हप्ता कापून घेण्याची चाल हळूहळू सर्वत्र रूढ झाली.

दरम्यान मुंबई-पुण्याकडे आणखी एक जात पुढे आली होती : बिल्डर. सोसायटीत माणसे आधी जमत आणि घर मागून बांधले जाई. बिल्डर घर आधी बांधतो, किंवा बांधीन म्हणतो, आणि माणसे मागून येतात. पैसे घेऊन घर न देण्याचे प्रकार वाढले तेव्हा १९६३ साली राज्याने कायदा केला : किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याआधी करारनामा नोंदवलाच पाहिजे, आणि पुढे जमीन राहणाऱ्यांच्या संस्थेच्या नावे करून दिली पाहिजे. या दुसऱ्या अटीची टाळाटाळ राज्यभर झाली. २०१६ च्या रेरा कायद्याने वीसाचे दहा टक्के केले, आणि ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरचे प्लॉटसुद्धा नोंदणीच्या कक्षेत आणले. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून त्याचे प्राधिकरण काम करू लागले.

आपल्याकडे मात्र फ्लॅटपेक्षा प्लॉटचा लोभ मोठा. धानाचा शेतकरी आपली बांधी एखाद्याला विकतो. तो तिच्यात चुन्याच्या रेघा मारून हजार-दीडहजार फुटांचे तुकडे पाडतो. घेणाऱ्याला भाव परवडतो, शहर सायकलीच्या अंतरावर असते. पण शेतजमीन अकृषक झाली आहे की नाही, आराखडा मंजूर आहे की नाही, हे तो विचारीत नाही. आराखडा मंजूर नसला तर बांधकामाची परवानगी अडते, परवानगी नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, आणि मग घर सावकारी पैशाने किंवा वर्षाला एक भिंत अशा बेताने उठते. राज्यभर अशी इतकी घरे झाली, की ती नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. २०१५ साली पंतप्रधान आवास योजना आली. तिच्यात गरीब कुटुंबाच्या नव्या घरावर घरातल्या स्त्रीचे नाव असावे अशी अट घातली गेली. माझ्या मते तिच्या अनुदानाच्या रकमेपेक्षा ही अट अधिक दूरवर जाणारी आहे. परंतु योजनेचा लाभ घ्यायचा तर पायाखालच्या जमिनीचा कागद आधी चोख लागतो.

कागदाइतकीच मातीही पाहायला हवी, आणि ती आपल्या शेतकऱ्याहून अधिक कोणाला कळणार? कन्हार म्हणजे काळी, चिकट जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया खोल न नेल्यास भिंतीला तडा जातोच. धानाची बांधी तर मुळातच पाणी धरून ठेवण्यासाठी केलेली. धुरे मोडून तिच्यात मुरूम टाकला तरी वरच्या बांधीतले पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. श्रावणात ते कोणाच्या तरी सपरीत येऊन उभे राहते. अशा वेळी नाली काढायची कोणी? प्लॉट विकणारा निघून गेलेला असतो. ग्रामपंचायत म्हणते, रस्ता आमच्या ताब्यात दिलेला नाही. सातबारा काढून पाहिला तर रस्त्यासाठी आणि मैदानासाठी सोडलेली जागा पुष्कळदा मूळ मालकाच्याच नावावर सापडते. कधी त्याच्या वारसांनी ती दुसऱ्यांदा विकलेलीही असते. गावदेवीच्या संस्थेत जिना, गच्ची, अंगण आणि पाण्याची टाकी पहिल्या दिवसापासून संस्थेची होती. आपल्या लेआऊटमध्ये चाळीस घरे झाली, तरी पुष्कळ ठिकाणी त्या चाळीसजणांची मिळून अशी वीतभर जमीनही नसते, आणि नालीसाठी अर्ज करायचा तर त्यावर सही चाळीसांनी वेगवेगळी करावी लागते.