हैदराबादचं क्लोरोफॉर्म आणि मोतीच्या घशाशी येणारं आंबट पाणी

गारखेड्यातल्या एका काकूंनी परवा विचारलं, "अगं, आमच्या मोतीचं ऑपरेशन आहे. आधी उपाशी ठेवायला सांगितलंय. का गं?" प्रश्न साधा आहे, पण उत्तराची सुरुवात निजामाच्या काळात होते.

आपलं शहर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो हृदय बंद पडून की श्वास थांबून, यावर तेव्हा डॉक्टरांत जोरदार वाद होता. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी म्हणायचे, श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको. हे तपासायला १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी निजाम मेहबूब अली खान यांनी पैसे दिले आणि 'लॅन्सेट'ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. त्या खजिन्यात मराठवाड्याचा सारासुद्धा जात होता, हे लक्षात ठेवा.

शेकडो प्राणी वापरले गेले, त्यांत कुत्री पुष्कळ. मॉर्फिनसारखी औषधं दिल्यावर क्लोरोफॉर्मचा परिणाम बदलतो का, हेही पाहिलं. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. पुढे १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदय अचानक बंद पडू शकतं. म्हणजे हैदराबादचं उत्तर अपुरं होतं.

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. त्या प्रयोगांत सगळं लक्ष रक्तदाब आणि श्वासावर होतं. अन्ननलिकेत काय चाललंय, हा प्रश्नच नव्हता. आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी तरी कुठे होती? ती १९०९ मध्ये आली.

आता मूळ मुद्दा. जठराच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, पिशवीच्या नाडीसारखा. भुलीत तो सैलावतो आणि आम्ल वर चढतं. बेशुद्ध कुत्रा ते गिळून परत खाली ढकलू शकत नाही. मग अन्ननलिका भाजते, कधी आम्ल फुप्फुसातही जातं.

२००५ मध्ये अमेरिकेत ९० कुत्र्यांच्या अन्ननलिकेत पीएच मोजणारी नळी ठेवून हे तपासलं. भुलीआधी मॉर्फिन न दिलेल्या ३० पैकी ८ कुत्र्यांत आम्ल वर आलं. कमी मात्रा दिलेल्या ३० पैकी १५, आणि जास्त मात्रेच्या ३० पैकी १८ कुत्र्यांत. म्हणजे दुखणं कमी करणारं औषधच धोका वाढवत होतं! त्याच संशोधकांना पुढे पेथिडीन दिल्यावर हा धोका मॉर्फिनच्या निम्म्याहून कमी दिसला; पण शून्य नाही.

मग वेदनाशामक देऊच नये का? तसं अजिबात नाही. वेदनेत ठेवणं हा उपाय नव्हे. औषध कोणतं आणि किती, हे ठरवताना पोटाचाही विचार व्हावा, एवढंच.

काकूंना मी तीन गोष्टी सांगितल्या. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा; जास्त उपास म्हणजे जास्त सुरक्षित, असं नसतं. मोतीला आधी उलट्या होत असतील तर आवर्जून सांगा. आणि ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे बघा: लाळ गळतेय, गिळताना त्रास होतोय, खाल्लेलं परत येतंय, तर "होईल बरं" म्हणून थांबू नका. भाजलेली अन्ननलिका आक्रसायला लागली, की उपचार अवघड होतो.