विषाचे औषध आणि वंशाचे बीज

२ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तेथे बुडालेल्या जहाजांपैकी ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजाच्या पोटात मस्टर्ड वायूचे बॉम्ब गुप्तपणे भरलेले होते. पाण्यातून काढलेल्या खलाशांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होत असल्याचे स्टुअर्ट अलेक्झांडर या लष्करी डॉक्टरांना दिसून आले. याच विषाचे भावंड असलेले नायट्रोजन मस्टर्ड येल विद्यापीठात १९४२ मध्येच एका कर्करोग्याला टोचण्यात आले होते; मात्र युद्धकालीन गुप्ततेमुळे ती वार्ता १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोथेरपीचा जन्म हा असा शस्त्रागारात झाला.

वाढत्या पेशींना मारणे हा या औषधाचा धर्म. आपपर ओळखण्याचा विवेक विषाला कोठून असणार? पुरुषाच्या वृषणांतील बीजपेशी तारुण्यापासून अखंड विभागत असतात, आणि म्हणूनच त्या प्रथम बळी पडतात. १९४८ मध्ये सोफी स्पिट्झ या विदुषीने हे औषध घेतलेल्या ३० मृत पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी २७ जणांच्या वृषणांत शुक्रजंतूंची निर्मिती बंद पडलेली होती.

इशारा स्पष्ट होता. परंतु त्या काळी बहुतेक रोगी काही महिनेच जगत. त्यांना संततीविषयी विचारणे क्रूरपणाचे वाटले असावे. १९६४ नंतर अमेरिकेत चार औषधांच्या ‘मॉप’ या मिश्रणाने हॉजकिनचा रोग बरा होऊ लागला, आणि रोगी वाचल्यावर प्रश्न उभा राहिला. वाचलेले बहुतेक पुरुष वंध्य झाले होते. १९७५ मध्ये मिलानच्या बोनाडोना यांनी नायट्रोजन मस्टर्ड वगळून निराळे मिश्रण पुढे आणले. ते घेणाऱ्या बहुतेकांची प्रजननशक्ती कालांतराने परत येई. संप्रेरकांच्या साहाय्याने वृषणांना तात्पुरते निद्रिस्त ठेवण्याची युक्ती १९८१ मध्ये उंदरांत सफल झाल्याचे जाहीर झाले. मनुष्यांत मात्र तिने निराशाच केली.

नवल असे की, खरा उपाय केव्हाच हाती आलेला होता. रणांगणावर जाणाऱ्या सैनिकाचे बीज गोठवून ठेवावे, ही कल्पना इटलीच्या मांतेगात्सा यांनी १८६६ मध्येच मांडली होती. १९४९ मध्ये लंडनमध्ये ग्लिसरीनच्या योगाने कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राखण्यात आले, आणि १९५३ मध्ये आयोवा येथे गोठवलेल्या मानवी बीजापासून गर्भधारणा झाली. म्हणजे स्पिट्झबाईंच्या निष्कर्षानंतर अवघ्या पाच वर्षांत. तरीही उपचारापूर्वी प्रत्येक तरुण रोग्याशी याविषयी बोलावे, अशी मार्गदर्शक सूचना अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने काढली ती २००६ मध्ये! विज्ञान तयार होते, विचारणाराच नव्हता. वयात न आलेल्या मुलांपाशी तर गोठवावयास शुक्रजंतूच नसतात. त्यांच्यासाठी वृषणाचा तुकडा जपून ठेवण्याचे प्रयोग चालू आहेत.

दिल्लीतील एका अविवाहित तरुणाने २०२० मध्ये केमोथेरपीपूर्वी आपले बीज एका रुग्णालयात ठेवले होते. त्याच वर्षी त्याचे निधन झाले. आई-वडिलांनी ते मागितले, तेव्हा ते कोणाला द्यावे याविषयी कायद्यात काहीच स्पष्ट नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते माता-पित्यांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला.