जागल्याची नोंद आणि फरारी नटराज

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत जागल्या नावाचा एक वतनदार सेवक असे. रात्री गावाची राखण करणे, परका माणूस दिसल्यास पाटलास वर्दी देणे, चोरीचा माग काढणे ही त्याची कामे. अलीकडे मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द नव्या अर्थाने रूढ केला. संस्थेच्या आतील गैरव्यवहार लोकांपुढे आणणाऱ्याला आपण आता जागल्या म्हणतो. जुना जागल्या गावाच्या पगारावर होता व त्याने ओरड केली तर गाव जागे होई. नव्या जागल्याने ओरड केली की पुष्कळदा गाव त्याच्याच मागे लागते.

याचे ठळक उदाहरण 2013 सालचे. अमेरिकेच्या गुप्तहेर यंत्रणेची व्यापक टेहळणी उघड करून एडवर्ड स्नोडेन हाँगकाँगमार्गे मॉस्कोला पोहोचला. त्याला परत मिळविण्यासाठी अमेरिकेने जे दडपण आणले, त्यातून रशिया, चीन व लॅटिन अमेरिकेतील देश यांच्याशी तिचे संबंध ताणले गेले. बोलिव्हियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानात तो असावा या संशयापायी ते विमान जुलै 2013 मध्ये व्हिएन्नाला उतरवावे लागले. आश्रयासाठी त्याने ज्या देशांकडे अर्ज केले त्यांत भारतही होता. मॉस्कोतील आपल्या दूतावासाकडे आलेला अर्ज 30 जूनचा होता आणि 2 जुलै रोजी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तो नाकारल्याचे जाहीर केले. निर्णय योग्य की अयोग्य हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. मला नोंद घ्यावीशी वाटते ती गतीची. शासनयंत्रणेला मनात आले तर दोन दिवसांत उत्तर देता येते.

या गतीशी तुलना करण्यासाठी मी वाचकांना तमिळनाडूतील कुंभकोणम येथे नेणार आहे. कावेरीकाठचे हे मंदिरांचे गाव मराठी माणसाला तसे परके नाही. 1676 मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावरला सत्ता स्थापन केली आणि 1855 पर्यंत हा सारा परिसर भोसल्यांच्या राज्याचा अथवा त्यांच्या प्रभावाचा भाग होता. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. मात्र आजचा विषय मराठ्यांचा नाही. तो कुंभकोणमच्या पंचक्रोशीतून पळालेल्या, किंवा अधिक अचूक सांगायचे तर पळविलेल्या, देवांचा आहे.

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर शिवपुरम नावाचे खेडे आहे. 1951 मध्ये तेथे जमिनीतून चोळकालीन कांस्यमूर्तींचा एक संच निघाला. त्यात दहाव्या शतकातील एक अप्रतिम नटराज होता. 1878 च्या निधी कायद्यानुसार या मूर्ती प्रथम शासनाच्या ताब्यात आल्या व नंतर पूजेसाठी गावच्या मंदिराकडे सोपविण्यात आल्या. मंदिराने त्या दुरुस्तीसाठी कुंभकोणमच्या एका स्थपतीकडे दिल्या. शेजारच्या स्वामीमलई येथे मेणाच्या साच्यातून ओतकाम करण्याची परंपरा आजही जिवंत आहे. त्यामुळे हुबेहूब प्रतिकृती घडविणारे हात या भागात दुर्मीळ नाहीत. दुरुस्तीहून परतल्या त्या प्रतिकृती, आणि मूळ मूर्ती व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या. मूळ नटराज मुंबईच्या खाजगी संग्रहांत काही वर्षे राहिला. शिवपुरमचे लोक प्रतिकृतीला हार घालत होते आणि शासनाच्या दप्तरात मूर्ती ‘सुस्थितीत, मंदिरात’ होती.

हे उघड कोणी केले? कोणत्याही तपासनिसाने नव्हे. ब्रिटिश संग्रहालयातील कलाभ्यासक डग्लस बॅरेट यांनी 1965 मध्ये चोळ कांस्यमूर्तींवर पुस्तक लिहिले. शिवपुरमच्या मंदिरात असलेला नटराज नकली असून अस्सल मूर्ती खाजगी हातांत आहे, असे त्यांनी त्यात नोंदविले. तो खऱ्या अर्थाने जागल्याचा आवाज होता. एका विद्वानाच्या पुस्तकातील एवढीशी नोंद. परंतु पुढच्या सगळ्या प्रकरणाचा पाया तीच ठरली.

तरीही मूर्ती देशाबाहेर गेलीच. 1969 मध्ये ती न्यूयॉर्कच्या बेन हेलर या व्यापाऱ्याकडे पोहोचली आणि 1973 मध्ये कॅलिफोर्नियाचे उद्योगपती नॉर्टन सायमन यांनी ती सुमारे दहा लक्ष डॉलरला घेतली. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सशी बोलताना सायमन यांनी मूर्ती तस्करीची असल्याचे मोकळेपणाने मान्य केले. आशियाई कलेवर गेल्या दोन वर्षांत आपण दीड कोटी डॉलरहून अधिक खर्च केला असून त्यातील बहुतेक माल तसाच आहे, असेही त्यांचे विधान छापून आले. पुढे त्यांनी हे विधान नाकारले. पण शब्द सुटला होता.

आता दोन राष्ट्रांमधला प्रश्न उभा राहिला. 1971 च्या युद्धानंतर भारत व अमेरिका यांचे संबंध आधीच ताणलेले होते. सायमन यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रदर्शित व्हायचा होता. भारताने आक्षेप घेतला आणि ते प्रदर्शन रद्द झाले. मूर्ती त्या काळात डागडुजीसाठी लंडनला होती. भारत सरकारने 1974 मध्ये लंडनमध्ये व अमेरिकेत दावे दाखल केले. अखेर 1976 मध्ये तडजोड झाली. मालकी भारताची असल्याचे मान्य झाले, मात्र मूर्ती दहा वर्षे सायमन यांच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी राहील असे ठरले. ती 1986 मध्ये भारतात परतली. परत आल्यावरही अनेक वर्षे ती शासकीय संरक्षणात कुलूपबंद राहिली.

या तडजोडीवर त्या वेळी व नंतरही टीका झाली. आपली वस्तू आपल्यालाच दहा वर्षे थांबून का मिळावी, हा प्रश्न रास्त आहे. परंतु प्रशासनात काम केलेल्या माणसाला आपल्या बाजूची दुर्बळता दिसल्यावाचून राहत नाही. पुराणवस्तूंच्या निर्यातीवर 1947 च्या कायद्याने निर्बंध होते, पण देशांतर्गत नोंदणीची सक्ती करणारा 1972 चा कायदा प्रत्यक्ष अंमलात आला तो एप्रिल 1976 मध्ये. सांस्कृतिक संपत्तीच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा 1970 चा करार भारताने 1977 मध्ये स्वीकारला, अमेरिकेने 1983 मध्ये. म्हणजे आपण न्यायालयात उभे राहिलो तेव्हा हातात नैतिक अधिकार भरपूर होता, कागद थोडे होते.

कागदाचे महत्त्व दुसऱ्या एका नटराजाने सिद्ध केले. याच परिसरातील पत्तूर येथील एका पडक्या मंदिराच्या आवारात 1976 मध्ये एका मजुराला जमिनीत मूर्ती सापडली. ती हातोहात विकली जात लंडनला पोहोचली व 1982 मध्ये कॅनडातील एका कंपनीने खोट्या पूर्वेतिहासाच्या आधारे ती विकत घेतली. लंडनच्या पोलिसांनी ती जप्त केल्यावर कंपनीने पोलिसांवरच दावा लावला. प्रश्न असा होता की, पडक्या मंदिराला इंग्लंडच्या न्यायालयात वादी म्हणून उभे राहता येईल काय? भारतीय कायद्यात देवतेला कायदेशीर व्यक्ती मानण्याची परंपरा आहे. प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्ये तिला मान्यता दिली होती. 1991 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने राष्ट्राराष्ट्रांतील सौजन्याच्या तत्त्वाने मंदिराचा हक्क मानला आणि नटराज परत आला. ज्या मंदिराचे छप्पर कोसळले होते, त्याचा वादी म्हणून हक्क शाबूत निघाला!

तिसरे प्रकरण माणसाचे आहे. भारतात जन्मलेला अमेरिकन नागरिक सुभाष कपूर न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर कलादालन चालवीत असे. अरियलूर जिल्ह्यातील मंदिरांतून मूर्ती चोरवून परदेशी संग्रहालयांना विकल्याचा आरोप तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी प्रतिबंधक शाखेने त्याच्यावर ठेवला. इंटरपोलच्या सूचनेवरून 30 ऑक्टोबर 2011 रोजी फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्याला अटक झाली. भारत व जर्मनी यांच्यातील 2001 च्या प्रत्यार्पण करारानुसार जुलै 2012 मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. खटला चालला तो कुंभकोणमच्या न्यायालयात. वरदराज पेरुमाळ मंदिरातील 19 मूर्तींच्या प्रकरणी 1 नोव्हेंबर 2022 रोजी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. अटक होऊन त्या दिवशी 11 वर्षे व दोन दिवस झाले होते. म्हणजे शिक्षेच्या मुदतीपेक्षा शिक्षा ठरविण्यास अधिक काळ लागला. दरम्यान न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनीही त्याच्यावर आरोप ठेवले व त्याला तिकडे नेण्याची इच्छा व्यक्त केली.

वाचकहो, हा केवळ विलंबाचा प्रश्न नाही. प्रत्यार्पण म्हणजे एका सार्वभौम राष्ट्राने दुसऱ्याच्या शब्दावर टाकलेला विश्वास. ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला त्याच गुन्ह्याचा खटला चालविता येतो, हे बंधन आपल्याच 1962 च्या प्रत्यार्पण कायद्याच्या 21 व्या कलमात आहे. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील अबू सालेम याला पोर्तुगालने 2005 मध्ये सोपविले ते 25 वर्षांहून अधिक शिक्षा न देण्याच्या आश्वासनावर. ते पाळणे केंद्र शासनावर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. याच्या उलट अनुभव आपल्याला ठाऊक आहे. 1910 मध्ये मार्सेय येथे किनाऱ्यावर पोहोचलेल्या सावरकरांना फ्रेंच शिपायाने ब्रिटिशांच्या हवाली केले, फ्रान्सने तक्रार केली, आणि हेगच्या लवादाने 1911 मध्ये चूक झाल्याचे मान्य करूनही त्यांना परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नसल्याचा निर्णय दिला. बलवान राष्ट्राच्या हाती सापडलेला माणूस कायद्याच्या फटीतून निसटत नाही, हा त्याचा धडा. म्हणूनच आज मागणारे राष्ट्र म्हणून आपण उभे असताना आपल्या न्यायालयांची गती व आपला शब्द यांवरच पुढच्या मागणीचे वजन ठरते. अकरा वर्षांचा खटला परदेशी न्यायाधीशापुढे प्रत्येक नव्या फरारीच्या वकिलाला आयते शस्त्र पुरवितो.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने बाजाराबद्दल एक निरीक्षण नोंदवितो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखविले की, विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते ग्राहकाला नसेल तर खराब माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. पुराणवस्तूंच्या बाजारात विचित्र प्रकार घडला. येथे वस्तू अस्सल असते, खोटा असतो तो तिचा पूर्वेतिहास. आणि ग्राहकाला अज्ञानच हवेसे असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने 2008 मध्ये कपूरकडून श्रीपुरंदान येथील नटराज सुमारे पन्नास लक्ष अमेरिकन डॉलरला घेतला. सिंगापूरमध्ये राहणारे एस. विजयकुमार आणि अमेरिकन पत्रकार जेसन फेल्च यांनी पुराव्यानिशी प्रश्न विचारले, तेव्हा त्या अज्ञानाची किंमत वाढली. फ्रेंच इन्स्टिट्यूट ऑफ पाँडिचेरीने मंदिरात घेतलेली जुनी छायाचित्रे निर्णायक ठरली. सप्टेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती दिल्लीत भारताच्या स्वाधीन केली.

या तिन्ही प्रकरणांत एक सूत्र दिसते. मूर्ती हरविल्याची पहिली विश्वासार्ह नोंद, किंवा ती परत मिळविणारा निर्णायक पुरावा, बहुधा शासनाच्या दप्तराबाहेरून आला: लंडनच्या अभ्यासकाच्या पुस्तकातून, पाँडिचेरीच्या छायाचित्र संग्रहातून, परदेशी राहणाऱ्या एका छंदिष्टाच्या चिकाटीतून. याच मुलुखाचे तंजावर दरबारचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि राज्यकारभारातील बारीकसारीक बाबी लिहून ठेवण्याची शिस्त त्यांत दिसते. नोंद ठेवणे ही आपल्याला परकी विद्या नाही. आपण ती मध्येच सोडली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. आपण ज्या शहरात आहात तेथील संग्रहालयात भारतीय दालन असेल तर मूर्तीशेजारची पाटी वाचा. कोठून मिळाली, कोणत्या साली, कोणाकडून, हे तीन तपशील तेथे नसतील तर संग्रहालयाला पत्र लिहून विचारा. 1970 नंतर देशाबाहेर गेलेल्या वस्तूबद्दल हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि सभ्य संस्था त्याचे उत्तर देतात. आपल्या गावच्या देवळातील मूर्तींची छायाचित्रे, तारखेसह व मापांसह, घरी जपून ठेवणे हेही त्याच कामाचे दुसरे टोक आहे. कोकणातील वा देशावरील देवळांना कुंभकोणमपेक्षा अधिक सुरक्षित मानण्याचे कारण नाही.

जागल्याला शासनाने पगार द्यावा असे मी म्हणत नाही. त्याने दिलेल्या वर्दीला आवक क्रमांक पडावा आणि उत्तर मुदतीत जावे, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. बॅरेट यांचे पुस्तक 1965 चे, मूर्ती देशाबाहेर गेली 1969 मध्ये. मधली चार वर्षे मूर्ती भारतातच होती.