धुराविना धूम्रपान : जपानमधील एक संज्ञाप्रश्न

तंबाखू न जाळता केवळ तापवून तिचे सेवन करण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत याच तत्त्वावर 1988 साली निघालेली 'प्रीमियर' सिगारेट 1989 मध्ये मागे घ्यावी लागली. 'आयकॉस' हे उपकरण मात्र 2014 साली नागोयात विक्रीस आले व 2016 पासून जपानभर पसरले. निकोटीनयुक्त द्रवाच्या ई-सिगारेटी तेथे औषधविषयक कायद्याखाली येतात, तापविलेली तंबाखू तंबाखू-व्यवसायाच्या 1984 च्या कायद्याखाली. या प्रसाराचे हे एक प्रमुख कारण होय. पुढे सिगारेटींचा खप झपाट्याने घटला. तथापि दोन्ही प्रकार वापरणारेही पुष्कळ राहिले.

यांस धूम्रपानी म्हणावे काय? जपानी 'कित्सुएन' या शब्दात, आपल्या 'धूम्रपाना'प्रमाणेच, सेवन व धूर हे दोन घटक आहेत. धूर नाही म्हणून 'मी सोडले' असे कोणी सांगितल्यास गणनेत व्यसनमुक्तांची संख्या फुगेल, निकोटीनचे व्यसन मात्र कायम राहील. 2018 च्या कायदेदुरुस्तीने या उत्पादनांसाठी ठरविलेल्या खास कक्षाच्या नावातही 'कित्सुएन' हाच शब्द राखला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो सदोष असेल. परंतु संशोधकाने हा व्यापक अर्थ स्वीकारून प्रश्नावलीत दोन्ही सेवनप्रकार पृथक् विचारणेच इष्ट होय.